सोलापुरातले समुद्रफूल
(तृतीय वर्ष, कला)

सोलापूर म्हटले की चादरी आठवतात, शेंगाचटणी आठवते, गड्ड्याची जत्रा आठवते. आणि एप्रिल-मे महिन्यांतले ऊन तर विसरतो म्हटले तरी विसरता येत नाही. समुद्र मात्र कोणालाही आठवणार नाही. रत्नागिरीचा किनारा येथून तीनशे किलोमीटरांहून दूर, मुंबई साडेचारशे, आणि मध्ये सह्याद्री आडवा. अशा गावात, घरातल्या बैठकीच्या खोलीत, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत समुद्रफूल जगवता येते काय? येते. आमच्या घरी ते गेली चार वर्षे जगत आहे. ते कसे जगते आणि ते जगवण्यासाठी काय काय करावे लागते, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे. शास्त्र शाखेच्या मित्रमैत्रिणींनी आणि प्राध्यापकांनी कला शाखेच्या विद्यार्थिनीची ही घुसखोरी पोटात घालावी.

फूल नव्हे, प्राणी

समुद्रफूल हे नाव सुंदर आहे, पण फसवे आहे. इंग्रजीतले ‘सी ॲनिमोन’ हे नावही तितकेच फसवे. ॲनिमोन हे एका फुलझाडाचे नाव, आणि त्या नावाचे मूळ ग्रीक भाषेतल्या ‘वारा’ या अर्थाच्या शब्दात सापडते. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर डोलणारे हे जीव पाहून लोकांना वाऱ्यावर डोलणारी फुले आठवली असतील, तर नवल नाही. प्रत्यक्षात हा प्राणी आहे. प्रवाळांचा सख्खा आणि जेलीफिशचा चुलत नातलग म्हणावा असा. खाली खडकाला धरून बसणारी चकतीसारखी बैठक, मध्ये मऊ दंडगोल, वर तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांचे वलय, एवढाच त्याचा संसार. हाड नाही, रक्त नाही, मेंदू नाही. अन्न आत घेण्याचे आणि उरलेसुरले बाहेर टाकण्याचे दारही एकच.

या शुंडकांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक विषारी सूत्र गुंडाळून ठेवलेले असते आणि स्पर्श होताच ते बाणासारखे सुटते. लहान मासा किंवा कोळंबी त्याने लुळी पडते. आपल्या बोटाला बहुधा नुसता चिकटपणा जाणवतो, पण काही जातींचा दंश चांगलाच झोंबतो. शरीराला परक्या पदार्थाचे वावडे होऊन जीवघेणी प्रतिक्रिया कशी येते, याचा शोध फ्रान्समधील शार्ल रिशे यांना समुद्रफुलांच्या विषावर प्रयोग करतानाच लागला, आणि त्या संशोधनासाठी त्यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, पेटीत हात घालताना रबरी हातमोजे घालावेत.

उष्ण समुद्रांतील बऱ्याच समुद्रफुलांच्या अंगात आणखी एक बिऱ्हाड असते. त्यांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतात. हे शैवाल उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. मालक त्यांना आसरा आणि खत पुरवतो. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंनी भाड्याऐवजी रोज ताटच वाढून द्यावे, तसा हा व्यवहार. समुद्रफुलाच्या प्रकृतीचे निम्मे रहस्य या भाडेकरूंमध्ये आहे, हे ध्यानात ठेवावे.

एडिनबरोची आजीबाई

समुद्रफूल किती वर्षे जगते? या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले तेव्हा मी थक्क झाले. १८२८ साली सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश गृहस्थांनी नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल घरी आणले आणि काचेच्या लहानशा बरणीत ठेवले. पाणी वारंवार बदलायचे, अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा द्यायचा, एवढीच त्याची बडदास्त. डॅलिएल १८५१ साली वारले, समुद्रफूल जगले. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे सोपवले जात अखेर एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. तोवर त्याला शेकडो पिल्ले झाली होती आणि लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागले होते. १८८७ च्या ऑगस्टमध्ये आजीबाई निवर्तल्या. म्हणजे माणसाच्या सोबतीत एकोणसाठ वर्षे!

या प्राण्यांत आपल्यासारखे म्हातारपण दिसून येत नाही. पुरेसे अन्न आणि चांगले पाणी मिळाले, तर वयामुळे मरण्याचे त्यांना कारण दिसत नाही. मग पाळलेली समुद्रफुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत का मरतात? उत्तर कटू आहे. ती मरत नाहीत, त्यांचे पाणी मरते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की समुद्रफूल पाळणे म्हणजे प्राणी पाळणे नव्हे, पाणी पाळणे होय.

येथे कोणी विचारील की आजीबाई बरणीत जगल्या, मग आम्हाला मोठी पेटी कशाला? डॅलिएल यांच्यापासून समुद्र जवळ होता. ताजे पाणी रोज आणवता येई. शिवाय ती थंड किनाऱ्यावरची काटक जात होती. आपल्याकडे पाळतात त्या जाती उष्ण समुद्रातल्या, आणि समुद्र आपल्या दाराशी नाही. तो घरी तयार करावा लागतो. थोडे पाणी लवकर तापते, लवकर नासते, लवकर खारटते. जास्त पाणी चुका पोटात घालते. म्हणून निदान दोनशे लिटरांची पेटी हवी.

समुद्र कसा तयार करावा

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत खाण्याच्या मिठाचे प्रमाण फार मोठे असले, तरी उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट इत्यादी अनेक घटक असतात आणि जिवांना त्या सर्वांची गरज असते. त्यामुळे स्वयंपाकघरातले मीठ घालून समुद्र होत नाही. मत्स्यालयांसाठी तयार केलेले सागरी क्षारमिश्रण बाजारात मिळते, तेच वापरावे. दोनशे लिटरांना सुमारे सात किलो लागते. हे मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपात, पाणी ढवळणारा लहान पंप लावून एक दिवस मुरू द्यावे आणि मग तपासून वापरावे. तपासण्यासाठी तरकाटा किंवा वक्रीभवनमापक मिळतो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावे.

क्षार घालायचे ते पाणीही शुद्ध हवे. आपल्या भागातले बोअरचे पाणी जड असते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून आरओ यंत्राचे पाणी घ्यावे. येथे एक इशारा खास आपल्या घरांसाठी देते. हे पाणी तांब्याच्या घागरीत किंवा पितळेच्या पातेल्यात चुकूनही साठवू नये. तांबे माणसाला मानवत असेल, पण समुद्रफुलासारख्या अपृष्ठवंशीय प्राण्यांना ते अगदी अल्प प्रमाणातही विष आहे. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. समुद्रफुलाच्या पेटीत ती औषधे कदापि घालू नयेत.

पाणी खारे झाले म्हणजे समुद्र झाला असे नव्हे. जिवांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे उपकारकर्ते जीवाणू दगडांच्या छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात, पण वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो. पेटी त्यानंतरही स्थिरावत राहते. म्हणून पेटी सुरू केल्यावर निदान सहा महिने समुद्रफूल आणू नये. घर बांधल्याबरोबर ओल्या भिंतींत बाळंतिणीला कोणी राहायला नेत नाही, तसेच हे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट कमीत कमी, आणि पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान. या सर्वांच्या चाचणीच्या लहान पेट्या मिळतात. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे. काढलेले पाणी मोरीतच ओतावे. तुळशीला किंवा कुंडीला घालू नये.

उन्हाळा आणि माठाचे शास्त्र

समुद्रफुलाला २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवते. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग काय करावे? पाणी थंड करणारे विजेचे यंत्र मिळते, पण ते महाग असते. आमच्याकडे उपाय केला तो माठाने शिकवलेला. माठातले पाणी झिरपून उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पेटीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असे दोन लहान पंखे बसवले की हेच घडते. हिशेब केला तर आश्चर्य वाटते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जी उष्णता नेते, तेवढ्याने दोनशे लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनी निवू शकते.

गंमत अशी की ही युक्ती मुंबईत फारशी चालत नाही, कारण तेथली दमट हवा पाण्याची वाफ सहज स्वीकारत नाही. आपली कोरडी, भाजून काढणारी हवा ती आनंदाने पिऊन टाकते. म्हणजे समुद्रफुलाच्या बाबतीत सोलापूरच्या उन्हाने केलेला अपराध सोलापूरची हवाच थोडाफार भरून काढते!

परंतु उडून जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. उन्हाळ्यात आमच्या पेटीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडते. ते भरून काढताना खारे पाणी घातले, तर पेटी दिवसेंदिवस अधिक खारी होत जाईल. म्हणून ही रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याची घालावी, आणि तीही थोडी थोडी. काचेवर एक खूण करून ठेवली की घरातले कोणीही हे काम करू शकते. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. ज्या गावाने वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली, त्या गावात असले छंद करावेत काय? उन्हाळ्यात आमच्या पेटीला आठवड्याला सुमारे पन्नास लिटर शुद्ध पाणी लागते, आणि घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकते. म्हणजे आठवड्याला शे-दीडशे लिटर. हे पाणी आम्ही पिंपात साठवून फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. तेवढे नळाचे पाणी वाचते. ज्याला हा हिशेब जमणार नाही, त्याने समुद्रफूल पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उजेड, अन्न आणि मुक्काम

अंगातल्या शैवालांसाठी भरपूर उजेड हवा. साधी ट्यूबलाइट पुरत नाही. खाऱ्या पाण्याच्या पेट्यांसाठीचे एलईडी दिवे रोज आठ ते दहा तास लावावेत. उजेड कमी पडला किंवा पाणी तापले, तर शैवाल निघून जातात आणि समुद्रफूल पांढरे पडते. दुकानातले असे शुभ्र समुद्रफूल पाहून पुष्कळांना मोह होतो. ते सौंदर्य नव्हे, उपासमार आहे. काही ठिकाणी अशा पांढऱ्या प्राण्यांना पिवळा किंवा जांभळा रंग देऊनही विकतात. निरोगी समुद्रफूल बहुधा तपकिरी, हिरवट किंवा मूळच्याच तांबूस रंगाचे असते. साहित्यात शुभ्रतेचे गोडवे कितीही गाइलेले असोत, येथे तपकिरी रंगालाच मान आहे.

आठवड्यातून एक-दोन वेळा समुद्री कोळंबीचा किंवा माशाचा लहानसा तुकडा शुंडकांवर अलगद ठेवावा. तुकडा तोंडाहून लहान असावा. मोठा दिला तर ते काही तासांनी ओकून टाकते आणि पाणी नासते. आमचे घर शाकाहारी असल्यामुळे कोळंबीचा प्रश्न काही काळ घरात गाजला. शेवटी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात घट्ट झाकणाचा एक स्वतंत्र डबा आला, आणि त्याला हात लावणे फक्त माझ्याकडे आले. आता आईच आठवण करते, “अगं, त्याचा गुरुवार राहिला ना?”

समुद्रफुलाला मेंदू नसला तरी मत असते. आपण दाखवलेली जागा त्याला आवडतेच असे नाही. ते बैठकीवर सरकत सरकत चालते आणि उजेड, प्रवाह व बैठकीला खाच असे सारे मनासारखे मिळाले की थांबते. त्याला हाताने ओढून जागा बदलू नये. बैठक फाटली तर जखम चिघळते. पाण्याच्या पंपाच्या तोंडाला मात्र जाळी किंवा स्पंज अवश्य लावावा. फिरता फिरता समुद्रफूल पंपात ओढले गेले, तर त्याच्या चिंधड्या होतातच, शिवाय सगळ्या पेटीत विष पसरते.

प्रकृती कशी ओळखावी? शुंडके फुललेली आणि चिकट, तोंड घट्ट मिटलेले, बैठक पक्की, ही स्वास्थ्याची लक्षणे. अधूनमधून ते आतले पाणी टाकून काही तास गोळा होऊन बसते, त्याने घाबरू नये. मात्र तोंड उघडे पडून आतला भाग बाहेर येणे, बैठक सुटून पाण्याबरोबर वाहत जाणे, दिवसेंदिवस लोळागोळा राहणे ही वाईट चिन्हे आहेत. तेव्हा आधी पाणी तपासावे. प्राणी विरघळू लागला आणि दुर्गंधी आली, तर तो तत्काळ बाहेर काढावा. नाही तर पेटीतले इतर जीवही जातील.

आणि तो नारिंगी मासा? २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटापासून विदूषक मासा मुलांच्या ओळखीचा झाला आहे. त्याच्या अंगावरच्या विशिष्ट श्लेष्मामुळे समुद्रफुलाचे बाण त्याच्यावर सुटत नाहीत. मासा आसरा घेतो, आसऱ्याचे शत्रूंपासून रक्षण करतो, आणि त्याच्या उत्सर्गातून शैवालांना खत मिळते. पण पेटीत दोघांची जोडी असलीच पाहिजे असे नाही. समुद्रफूल माशावाचून आणि मासा समुद्रफुलावाचून सुखाने राहतो.

ते आले कोठून?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी शेवटी ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये घरोघर समुद्राच्या पेट्या ठेवण्याची लाट आली. फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाच्या पुस्तकांनी, विशेषतः १८५४ सालच्या ‘द अक्वेरियम’ या ग्रंथाने, तिला जोर आणला. हौशी लोक किनाऱ्यांवर तुटून पडले आणि खडकांतली कुंडे ओरबाडून निघाली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात या नासाडीबद्दल खेद व्यक्त केला आहे. निसर्गावरचे प्रेमच निसर्गाच्या मुळावर आले, असा तो प्रसंग.

आपल्याकडे असे होऊ नये. जे समुद्रफूल वर्षानुवर्षे एका खडकावर बसून आहे, त्याच्या जागी दुसरे लगेच येत नाही. प्रवाळ समुद्रातून काढणे किंवा विकणे तर आपल्या कायद्याने गुन्हाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश २००१ साली झाला. म्हणून पेटीत कृत्रिम सच्छिद्र दगड वापरावेत. समुद्रफुलासाठीही एक निर्दोष वाट आहे. टोकांशी फुगीर बोंडे असलेली ‘एन्टाक्मिया क्वाड्रिकलर’ ही जात पेटीतच मधोमध दुभंगते आणि एकाची दोन होतात. आमचे समुद्रफूल असेच पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांच्या पेटीत दुभंगलेले. माझ्या दादाने ते थर्मोकोलच्या खोक्यात, पाण्याच्या पिशवीत घालून हुतात्मा एक्सप्रेसने आणले, आणि आमच्या पेटीचे पाणी थेंबथेंब मिसळत सावकाश आत सोडले. पुढे दादा नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला आणि पेटी माझ्याकडे आली. यंदा माझी पदवी परीक्षा. त्यानंतर मी कोठे असेन ते ठाऊक नाही. म्हणून आठवीतल्या धाकट्या भावाला तरकाटा वाचायला शिकवणे सध्या चालू आहे.

ज्यांना नुसते पाहायचे आहे, त्यांनी रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहावे, किंवा ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जावे. खडकाला चिकटलेले जेलीचे मिटलेले गोळे दिसतील. पाणी वर चढू लागले की ते उमलतील. ते तेथेच राहू द्यावेत.

आणि ज्यांना पाळायचेच आहे, त्यांनी पेटी विकत घेण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे कोठून आले? आणि आपण परीक्षेला, दिवाळीला, नोकरीला गावाबाहेर गेल्यावर याचे पाणी कोण पाहील? पहिल्याचे उत्तर समाधानकारक असेल आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणून घरातल्या एखाद्या खऱ्या माणसाचे नाव सांगता येत असेल, तर सोलापुरातही समुद्र नांदू शकतो.